पांढऱ्या गोळीची कविता

६ जानेवारी, सकाळ

टिपकागदा,

या नावानं तुला हाक मारणारा आता मी एकटाच उरलोय. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते बाजूला सारलं असशील, चार दिवसांनी उघडलं असशील. चालेल. एकोणीस वर्षांत चार दिवसांची भर, तिचं काय एवढं!

पत्राला निमित्त तुझी सहावीची वही. काल कपाटाच्या खालच्या खणात चष्म्याचं घर शोधताना हाताला लागली. जांभळी शाई, समासात काढलेली बदकं, आणि पानापानांवर कविता. आठवतं? मी तेव्हा नुकताच शिकवायला लागलो होतो. संध्याकाळी पायरीवर बसून दुसऱ्या दिवशीची कविता मोठ्यानं म्हणायचो, तू आत भांडी विसळत असायचीस. सकाळी वेणी घालून घेताना तू ती अख्खी म्हणून दाखवायचीस, माझ्या चुकांसकट. एकदा ऐकलं की टिपलं! म्हणून तर टिपकागद. वर्गात चाळीस पोरं घसा फोडून पाठांतर करायची आणि मी मनात म्हणायचो, माझ्या घरात एक आहे, तिला हे नुसतं वाऱ्यावरून कळतं. तू शिक्षिका होणार हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. तुला न विचारता. तो विषय नको. लग्नातला तो प्रसंगही आज नको.

इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी जरा दमते, वयच झालं. मी सकाळी बागेत जातो. आम्हा म्हाताऱ्यांचं तिथे मंडळ आहे, आठ जण. पाय मोकळे करण्यापेक्षा तोंडंच जास्त मोकळी होतात. मला अजून मास्तर म्हणतात, अजून कविता म्हणायला लावतात.

एक विचारायचं होतं, आठवलं म्हणून. बागेतल्या एका मित्राची बायको सांधेदुखीसाठी गेली दोन वर्षं रोज एक पांढरी गोळी घेत होती. स्टेरॉइड की काय म्हणतात ती. मित्र मोबाइलवर एका डॉक्टरांची व्याख्यानं ऐकतो. मीही ऐकली. अगं, काय वाणी! पांढरा कोट, मागे पुस्तकांची भिंत, शब्द कसे मोजून मापून, एक अक्षर गिळत नाहीत. असं स्वच्छ बोलणारा माणूस हल्ली ऐकायला मिळत नाही. ते म्हणाले, ही गोळी म्हणजे हाडांना लागलेली वाळवी, आजच्या आज फेकून द्या. मित्रानं बायकोची गोळी बंद केली. मला ते इतकं पटलं की मी त्यावर कविताच केली:

गोळी गोरी, दिसे साजिरी, आतुन हाडे पोखरते;
आजच टाका, वाट न पाहा, काया आपण सावरते.

चालीवर म्हणून बघ, पाऊल कसं बरोबर पडतं. मंडळानं डोक्यावर घेतली. एकानं तर स्वतःच्या आवाजात गाऊन फोनवरून सगळीकडे पाठवली. पन्नास वर्षं लिहितोय, पण लोकांनी आपण होऊन पाठ केलेली ही माझी पहिलीच कविता.

तर मित्राच्या बायकोचं. दवाखान्यात एक डावखुरी नर्स आहे. तिनं गेल्या महिन्यातच बजावलं होतं, "ही गोळी एकदम सोडायची नाही हं, काहीही झालं तरी." मित्र तिला म्हणाला, "बाई, तुमचं काम सुई टोचायचं. बाकीचं डॉक्टर बघतील." मित्र तोंडाळ आहे जरा. पण मुळात तो चुकला असं मला तेव्हा वाटलं नाही. तू रागावू नकोस.

आता चार दिवस झाले, त्या बाईंना अन्न नको वाटतं, मळमळतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पडद्यावरचे डॉक्टर म्हणतात, हे शरीरातलं विष बाहेर पडतंय. तुझ्या अनुभवात असं विष बाहेर पडायला साधारण किती दिवस लागतात, एवढंच कळव.

घाई काही नाही.

तुझा दादा


९ जानेवारी, दुपार
महिलांच्या वॉर्डबाहेरचा बाक

टिपकागदा,

माझं आधीचं पत्र तुला अजून मिळालंही नसेल. मिळालं की त्यातला बागेतला मित्र विसरून जा. तसा मित्र कुणी नाही. ती बाई म्हणजे तुझी वहिनी.

काल दुपारी ती न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली. मी वाचत बसलो होतो. आवाजही झाला नाही गं, कपड्यांचा ढीग घसरावा तशी खाली आली. हात धरला तर गार, घामानं निथळलेला. "अहो, मला काहीतरी होतंय," एवढंच म्हणाली, आणि तेही असं म्हणाली की जणू माझी झोपमोड केली म्हणून माफी मागतेय.

इथे आणली. तरुण डॉक्टर, चांगला वाटला. पोट बिघडलं असेल म्हणाला, सलाइन लावलं. एक बाटली संपली, दुसरी लागली, तरी रक्तदाब वर यायचं नाव घेईना. आणि वॉर्डात कोण असावं? तीच डावखुरी! बाहेरच्या पेशंटांच्या तपासणीतून तिची इकडे बदली झालीय. मी मान खाली घातली. तिनं मला ओळखलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही.

"आजोबा, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या," ती म्हणाली.

"चिठ्ठी आहे ना माझ्याकडे."

"चिठ्ठीवर काय दिलंय ते लिहिलेलं असतं, आजोबा. काय पोटात गेलंय ते डब्यात दिसतं. डबाच उचलून आणा."

मी रिक्षा करून गेलो आणि बिस्किटांचा डबा घेऊन आलो. तिनं तो ट्रेमध्ये उपडा केला. एकेक पाकीट उलटून औषधाच्या दुकानानं घातलेली तारीख वाचली, पट्ट्या ओळीनं मांडल्या आणि डाव्या हाताच्या बोटानं मोजत गेली. बाजूला एक पेशंट ओरडत होती, एक नातेवाईक चुटक्या वाजवून "ओ सिस्टर, ओ सिस्टर" करत होता. हिचं बोट थांबलं नाही. मी परीक्षेचे पेपर तपासताना सुद्धा इतका एकचित्त होत नसे. मग तिनं पुन्हा एकदा मोजल्या.

"ही पांढरी. आजच्या तारखेला सतरा जास्त आहेत. कधीपासून बंद आहे ही?"

मी म्हटलं, "बंद? छे! विसरली असेल. हल्ली विसरते ती."

ती पुढचं ऐकायला थांबलीच नाही, धावली. रबरी चपला फरशीवर सटासट वाजत गेल्या. डॉक्टरला गाठलं, दोन वाक्यं बोलली, तो कपाळावर हात मारून उठला. मग सुई आली, सलाइनमधून औषध आलं. संध्याकाळी तुझ्या वहिनीनं डोळे उघडून पाणी मागितलं. मी डॉक्टरचे आभार मानायला गेलो तर तो म्हणाला, "मला नका सांगू. माझ्या डोक्यात पोटच बसलं होतं. सिस्टरनं पकडलं. आणखी दोन तास गेले असते तर..." पुढचं त्यानं हातानंच सांगितलं.

डावखुरीनं मला नंतर समजावलं. वर्षानुवर्षं बाहेरून गोळी मिळत गेली की त्या गोळीत असतो तसला रस शरीर स्वतः करायचं सोडून देतं. एकदम बंद केली तर आत काहीच उरत नाही. कमी करायचीच असेल तर डॉक्टरला विचारून, आठवड्या-आठवड्यानं, चिमूट-चिमूट. मी मान डोलावत होतो. म्हणजे विष वगैरे काही नव्हतंच. ती अंधारी, ती मळमळ, ते सगळं शरीर आत रितं होत होतं म्हणून.

असो. विसरली बिचारी.

आता डॉक्टर म्हणतात, सतरा दिवस गोळी विसरणं बरं नाही, स्मरणशक्तीची तपासणी करू. मुलाला फोन केला. तो परगावी, त्याला लगेच निघता येत नाही. म्हणाला, "बाबा, आईला एकटीला स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका आता. गॅस उघडा राहिला तर? किल्ल्यासुद्धा तुमच्याकडे ठेवा. मी कुणीतरी चोवीस तासांचं माणूस बघतो." मी बघू म्हटलं. फोनचा आवाज मोठा होता. तुझ्या वहिनीनं सगळं ऐकलं. भिंतीकडे कूस वळवून पडून राहिली.

त्या कवितेचं कुणाला सांगू नकोस.

दादा


११ जानेवारी, दुपार

टिपकागदा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. अक्षर लागणार नाही तुला, तरी वाच.

तुझी वहिनी काहीही विसरलेली नाही. तेवीस डिसेंबरला सकाळी गोळी तिच्या तळहातावर होती, पाण्याचा पेला दुसऱ्या हातात. मी ती गोळी उचलून घेतली. ती म्हणाली, "अहो, कुणाला तरी विचारू या आधी." मी म्हटलं, "कुणाला विचारतेस? त्या डावखुरीला? नर्सा काय, सांगितलेलं करतात, त्यांना त्यातलं काय कळतं?" ती म्हणाली, "नर्सच असं नाही, पण कुणाला तरी." मी फोन तिच्या कानाशी धरला, ते व्याख्यान ऐकवलं, आणि वर स्वतःची कविता म्हणून दाखवली. मग शपथ घातली. माझ्या गळ्याची. कुणालाही विचारणार नाहीस म्हणून. ती हसली आणि म्हणाली, "बरं बाई, तुम्ही आणि तुमच्या कविता."

आणि ती मरायला टेकली तेव्हा मी सांगितलं, ती विसरते.

आज तपासणी झाली. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभा, डावखुरी हातात छापील कागद आणि पेन्सिल घेऊन उशाशी, मी खिडकीजवळ. वार कोणता, महिना कोणता, सगळं तिनं पटापट सांगितलं. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर पासष्टपर्यंत अशी उतरत गेली की डॉक्टरच म्हणाला, "पुरे, पुरे." घड्याळ काढायला दिलं तर काटे काढलेच, वर कंपनीचं नाव लिहायचं का म्हणून विचारलं. वॉर्डातल्या बायका हसल्या.

"आणि आजी, रोजच्या गोळ्या लक्षात राहतात?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "विसरले असेन," म्हणाली.

मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी लिहितोय, कारण आता काहीच लपवायचं नाही. पन्नास वर्षांचा संसार, ती माझ्यासाठी स्वतःचं डोकं पणाला लावत होती, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

"बरं, आता शेवटचं. शाळेतलं, देवाचं, काहीही पाठ असलेलं म्हणून दाखवा."

तुला माहीत आहे, माझी एकही कविता तिनं कधी म्हणून दाखवली नाही. "मला नाही बाई जमत." आज ती उशीला टेकून ताठ बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली. चालीवर. माझ्याच चालीवर, जिथे मी श्वास घेतो तिथे श्वास घेऊन.

"गोळी गोरी, दिसे साजिरी, आतुन हाडे पोखरते..."

दोन्ही ओळी. एक मात्रा इकडची तिकडे नाही.

डावखुरीची पेन्सिल थांबली. डॉक्टरला काहीच कळलं नव्हतं, तो "वा, छान" म्हणून गेला. डावखुरी मात्र पांढरीफटक पडली.

"आजी, हे कुठे शिकलात?"

"घरातच."

"हे माझ्या आईच्या फोनवर आलं होतं. तिला दमा आहे, तीही हीच गोळी घेते. गाणं होतं, खाली कोटवाल्या डॉक्टरचा फोटो, आणि 'ज्येष्ठ तज्ज्ञांचा सल्ला' म्हणून लिहिलेलं. माझी आई! तीस वर्षं मी या कामात आहे, आणि माझी आई मला म्हणते, तुला काय कळतं, हे डॉक्टर सांगतायत. मी तिच्या हातातून पट्टी ओढून घेतली तेव्हा कुठे..." ती थांबली. मग म्हणाली, "कुणी लिहिलंय हे?"

तुझी वहिनी म्हणाली, "मला कशाला विचारता? मी विसरते ना!"

डावखुरीनं हातातला कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मी." मग जरा मोठ्यानं म्हटलं. "मी लिहिलंय. गोळी मी बंद केली. ती विसरली नव्हती."

मला वाटलं, आता ही बाई मला सगळ्यांसमोर झाडणार. तिला तो हक्क होता. सुई टोचायचं काम असं मी तिच्या तोंडावर म्हटलं होतं, आणि तिनं मला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, हे मला तिच्या डोळ्यांत आत्ता दिसलं. पण तिनं केसपेपर घेतला, माझ्यापुढे धरला. तिथे तिच्याच अक्षरात होतं: "रुग्ण गोळी घ्यायला विसरते असे पती सांगतात." मी खिशाला हात घातला. अजून खोडरबर बाळगतो मी, हसू नकोस.

"आमच्याकडे खोडत नाहीत, आजोबा," ती म्हणाली. "चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. वर खरं लिहायचं. तारीख, वेळ, सही."

तिनं रेघ मारली. वर लिहिलं: "गोळी पतीच्या सांगण्यावरून बंद. रुग्णाची स्मरणशक्ती उत्तम." सही केली. मग पेन माझ्या हातात दिलं. "तुम्हीही करा." आयुष्यभर लोकांच्या वह्यांवर लाल शाईनं सही केली, टिपकागदा. अशी सही कधी केली नव्हती.

इतकं कमी होतं म्हणून की काय, उशीखाली तुझ्या वहिनीचा फोन वाजायला लागला. तिच्या हाताला सलाइन होतं. डावखुरीनं फोन काढला, मी शेजारून पाहिलं. पडद्यावर नाव होतं, "वन्सं".

मी म्हटलं, "कोण वन्सं?" बघ माझी अवस्था! एकुलती एक बहीण, आणि बायकोला विचारतोय, कोण वन्सं!

"दर गुरुवारी," तुझी वहिनी छताकडे बघत म्हणाली. "तुम्ही वाचनालयात जाता तेव्हा. एकोणीस वर्षं. तुमचं पथ्य, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन, तुमची ती छातीत कळ आली होती ती, सगळं मी वन्संना विचारून केलं. तुम्हाला वाटायचं, तुमचं पुस्तक वाचून करते. गेल्या तीन गुरुवारी फोन उचलला नाही. तुम्ही शपथ घातली होती, आणि त्यांच्याशी मला खोटं बोलता येत नाही."

म्हणजे छातीत कळ आली तेव्हा "जिभेखाली गोळी ठेवा, झोपू नका, बसून राहा" असं जे तिनं ठामपणे सांगितलं, ते तुझं होतं. मी बागेत सांगत फिरलो, माझी बायको वाचून वाचून हुशार झालीय.

डावखुरीनं फोन उचलला. एकोणीस वर्षांनी मी तुझा आवाज ऐकला. तू 'हॅलो'सुद्धा म्हणाली नाहीस, माझी पत्रं तुला मिळाली असणार. रक्तदाब किती, सलाइन कुठलं, पहिली सुई कधी दिली, आता तोंडानं घेते का. ही ताठ उभी राहून एकेक उत्तर देत होती, शेवटी "हो मॅडम" म्हणायला लागली. मग तू विचारलंस, "आणि आमचे दादा?"

"इथेच आहेत," ती म्हणाली.

 तू म्हणालीस, "निघते मी," आणि फोन ठेवलास.

मुलाच्या लग्नातलं आता लिहितो. व्याही विचारत होते, बहीण काय करते. मी म्हटलं, इस्पितळात असते, ऑफिसात. ते म्हणाले, "बरं झालं बुवा. नर्स-बिर्स म्हटलं की लोक काय काय बोलतात." आणि मी हसलो. तू माझ्या पाठीमागे पाहुण्यांसाठी पाण्याचे पेले घेऊन उभी होतीस. पेले टेबलावर ठेवलेस, एकही न सांडता, आणि गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं, तिला ड्यूटी होती. मी नंतर कितीदा मनाशी म्हटलं, मी तुझं भलंच पाहत होतो. नव्हतो पाहत. मी स्वतःचं पाहत होतो.

हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही. तू त्याच्या आधी पोचशील. तरी लिहिलं.

दादा


१२ जानेवारी, दुपार
पुन्हा तोच बाक

टिपकागदा,

तू आत आहेस. मी बाहेर. मध्ये एक काचेचं दार आणि तीस-एक पावलं.

सकाळी तू आलीस तेव्हा मी इथे नव्हतो. पळून गेलो असं समजू नकोस. बागेत गेलो होतो. बाकीच्या सातही जणांसमोर बाकावर उभा राहिलो आणि सांगितलं, ती कविता चुकीची आहे, माझ्या बायकोचा जीव जाता जाता राहिला, ज्यांना ज्यांना पाठवली त्यांना हे कळवा. आधी त्यांना वाटलं मी काहीतरी नवं म्हणतोय, एकानं तर "क्या बात है" म्हणून दादही दिली.  ज्यानं गाऊन पाठवली होती तो म्हणाला, "मास्तर, आता कुणाकुणाला सांगू? माझ्या भाच्याच्या ऑफिसात गेली, त्याच्या सासुरवाडीला गेली. काल मला ती अनोळखी माणसाकडून परत आली, बाईच्या आवाजात, मागे पेटी लावून." दुसरा म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, नर्स सांगत होती तर ऐकायचं." तो असं काहीही म्हणत नव्हता. तिसऱ्यानं खिशातून एक पट्टी काढली, पांढरी, आणि माझ्यापुढे धरली. त्याला मी हाताला धरून इथे आणलंय. डावखुरीनं त्याला खुर्चीत बसवलं, रक्तदाब घेतला, दोन दिवसच झाले होते म्हणाली, वेळेवर आलात.

त्या व्याख्यानाच्या खाली अगदी बारीक अक्षरात एक ओळ असते, ती तिनं मला मोठी करून दाखवली: "हा वैद्यकीय सल्ला नाही." शेवटची ओळ वाचल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नका, असं मी पोरांना पस्तीस वर्षं सांगत आलो. आणि कोटवाले गृहस्थ डॉक्टर नाहीतच, चूर्ण विकतात. मला त्यांचं ते बोलणं आवडलं होतं गं. शब्द इतके नीटनेटके होते की आत काय आहे ते मी बघितलंच नाही. डावखुरी अर्धी वाक्यं बोलते, पळता पळता बोलते. म्हणून मला ती अडाणी वाटली.

आणखी एका गोष्टीचा मला धक्का बसलाय, ती सांगू का? माझी कविता जगात माझ्याशिवाय हिंडतेय. तिच्यावर रेघ मारायला मला कागदच सापडत नाही. कुठल्या घरात, कुणाच्या तळहातावरून आज गोळी उचलली जात असेल, मला कधी कळणार नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, ज्यानं पाठवली त्यानं तुमचं नावही लावलं नव्हतं, तुम्हाला कोण पकडणार?" मी फोन ठेवून दिला.

काचेतून मला सगळं दिसतंय. तू तुझ्या वहिनीची पाठ पुसून दिलीस, चादर तिला न उठवता बदललीस, डावखुरी पलीकडून धरायला आली. दोघींना काही सांगावं लागलं नाही, चादर कशी आपोआप सरकत गेली. मग तुझी वहिनी काहीतरी म्हणाली आणि तुम्ही तिघी हसलात. माझ्यावरच असणार. तू केस कापलेस. म्हातारी झालीस. बसताना कमरेला हात लावतेस.

मघाशी एक माणूस दारातून चुटकी वाजवून ओरडला, "ए सिस्टर, बाटली संपली इकडे!" तू आणि ती, दोघींनी एकदम मागे पाहिलं. तू निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तुझी वहिनी काल म्हणाली, तरी तू अर्धी उठलीसुद्धा होतीस. मी त्या माणसाला म्हटलं, "अहो, हाक मारायची तर जवळ जाऊन मारा." तो म्हणाला, "तुम्हाला काय झालं आजोबा?" 

डावखुरी म्हणते, "जा ना आत, किती वेळ लिहिताय?" मी म्हटलं, एवढी चिठ्ठी आत द्याल का? म्हणाली, "आजोबा, मी तीस वर्षांत सगळी कामं केली, टपालाचं तेवढं राहिलं होतं." आणि हात पुढे करून उभी आहे, तिच्याकडे वेळ नाही, म्हणून आटोपतं घेतो.

माफ कर असं लिहिणार नाही. ते तोंडानं म्हणायचं असतं, आणि तेही तू म्हणू दिलंस तर. तुला उत्तर लिहायचं नसेल तर नको लिहूस. मी दाराशी उभा राहतो. वर्गात उशिरा आलेली पोरं जशी उभी राहायची, तसा.

आत येऊ का?